वाट बंद आहे

श्रावणातल्या एका रविवारी लुंबिनी बिबदऱ्याच्या डोंगराखाली एस.टी.तून उतरली, तेव्हा संघपाल फळ्यावर वाटेचे वर्तमान लिहीत होता. तो वनखात्याचा रोजंदारी राखणदार. पहाटे डोंगर चढून यावे आणि पाहिलेली वाट खडूने जशीच्या तशी मांडावी, हे त्याचे नित्यकर्म. ‘दुसऱ्या वळणावर मुरूम सैल. खिंडीत शेवाळ. ओढा घोट्याइतका.’

तिने शांतपणे वाचले.

“घोटा कुणाचा, भाऊ? तुमचा का माझा?”

त्याने तिच्या पावलांकडे पाहिले... आणि लगेच ओढ्याकडे.

“माझा. तुमच्या पिंढरीला लागंल.”

पुढे ती दर रविवारी आली. लातूरच्या महाविद्यालयात ती गवतांवर प्रबंध लिहीत होती. माथ्यावर दोरीचे चौकोन आखायचे, आतले गवत मोजायचे. तेही तुरे आहेत तोवरच, कारण तुरा झडला की एक गवत दुसऱ्यासारखे दिसते. तिसऱ्या रविवारी तिच्या बोलण्यातले ‘भाऊ’ गळाले आणि नुसते ‘अहो’ उरले. संघपालाने हे ध्यानात ठेवले. बारावी नापास मनुष्यालाही काही गोष्टी कळतात.

भाद्रपदात एकदा उतरून आल्यावर ती त्याला सहज बोलून गेली, की आता एकच चौकोन राहिला. मग इकडे येणे नाही.

पुढच्या रविवारी फळ्यावर अक्षरे होती — ‘दरड आली आहे. वाट बंद आहे.’

वस्तुतः चार दिवसांच्या उन्हाने वाट वाळली होती. खिंडीतले शेवाळ तेवढे ओले होते.

लुंबिनीने वाचले. वाट कधी खुलेल, एवढेच तिने विचारले. पुढच्या रविवारी बहुधा, असे तो म्हणाला. तोवर तुरे झडतील, ती म्हणाली. मग वर्षभर थांबणे आले. तिने त्याला दोष दिला नाही. उलट, एवढ्या पहाटे जाऊन पाहून आल्याबद्दल त्याचे आभार मानले आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. हे आभार संघपालाला सोसवेनात.

लातूरला परतणारी एस.टी. वळणावर दिसली.

“मॅडम... दरड न्हाई आली. वाट चांगली हाय.”

“मग लिहिलं कशाला?”

“तुमचं काम सरू नये म्हणून.”

एस.टी. थांबली. येणार का, असे कंडक्टरने विचारले. तिने मान हलवून नकार दिला. एस.टी. धूळ उडवीत निघून गेली.

“लई चांगलं केलंत, भाऊ.”

ती चढू लागली. तो दहा पावले मागून चालला. त्या एका शब्दाचे ओझे पाठीवरच्या पाण्याच्या कॅनहून अधिक होते. उजवा दगड हलतो, डावीकडून चला, असे तो सांगे. ती उत्तर देत नसे, परंतु डावीकडूनच जाई. खिंडीपाशी ती थांबली. वळून पाहिले नाही.

“आता तरी खरं सांगायलात का?”

“व्हय.”

“पुढं काय हाय?”

“शेवाळ. एकटीनं जमायचं न्हाई... हे बी खरंच हाय.”

मग तिने न वळताच एक हात मागे केला.

माथ्यावर तुरे अद्याप शाबूत होते. दोरीचे एक टोक त्याने धरले, दुसरे तिने. दुपारपर्यंत चौकोन मोजून झाला. माथ्यावर मोबाईलला रेंज येते. निलंग्याहून तिच्या आईचा फोन आला. असल्या रानात एकटी गेलीस का, असा तिचा नेहमीचा प्रश्न.

“न्हाई आई, एकटी न्हाई... संघपाल हायत.”

पलीकडून बराच वेळ काही विचारले गेले. संघपाल दोरी गुंडाळू लागला. ती गुंडाळून झालेलीच होती.

“कोण म्हंजे...” लुंबिनी त्याच्याकडे पाहत थांबली. “घरीच घेऊन येते की. तूच इचार त्यांना.”