अर्धेलीचे पेकन

कुंपणाखालून हात घातला की अक्रोडाच्या जातीचे चार पेकन सहज हाती लागतील, एवढंच नोरीन टॅलीच्या मनात होतं. गुडघे ओल्या गवतात, गाल तारेला टेकलेला आणि हात पार खांद्यापर्यंत पलीकडच्या शेतात. अशा अवस्थेत माणसाने कुणाच्या नजरेस पडू नये. नेमकी तेव्हाच ती पडली.

"रस्त्यावर पडलेले पेकन कुणीही उचलावेत," वरून आवाज आला. "पण तुमचा हात काही रस्त्यावर नाहीये, मॅम."

नोरीनने मान वळवली. आधी चिखलाचे बूट दिसले, मग हसू दाबून धरलेला एक चेहरा.

"फांदी रस्त्यावर आलीय," ती म्हणाली. "वाऱ्याने पेकन तुमच्या बाजूला उडवले, त्यात माझा काय दोष?"

"वाऱ्याला मी समज देईन. पण तुमचं काय करू?"

ती घाईने हात मागे घ्यायला गेली आणि स्वेटरची बाही तारेत अडकली. तो वाकला. एकेक धागा सोडवत त्याने बाही मोकळी केली, मनगटाला बोटसुद्धा लागू न देता. एवढी काळजी घेतली नसती तर तिचं कदाचित लक्षही गेलं नसतं.

"माझी आई इथलेच पेकन न्यायची," ती कपडे झटकत म्हणाली. "ओडेल टॅली."

त्याने टोपी काढली. हसू मावळलं.

"मिस ओडेलची मुलगी... मग असं चोरून कशाला? फाटक तिकडे आहे, या आत. त्या माझ्या एमेटमामाकडे अर्धेलीने वेचायच्या. अर्धे वेचणाऱ्याचे, अर्धे झाडवाल्याचे. तोच ठराव पुढे चालू."

तो क्लेटन. म्हाताऱ्या मामाचं बघायला म्हणून आला आणि मामा वसंतात गेल्यावर इथलाच होऊन राहिला. घर, ऊस आणि ओढ्याकाठचं हे झाड, सगळं आता त्याच्यावर होतं.

दक्षिण जॉर्जियात नोव्हेंबरमध्ये पेकनचा तोटा कुठला. दुकानात मोठाले, पातळ कवचाचे, दिसायला देखणे पेकन पोत्यांनी असतात. हे झाड कुणी लावलेलं नव्हतं, आपलं आपण उगवलेलं. फळ बारीक आणि कवच असं की हातोडीनेसुद्धा दोनदा विचार करावा. पण आतला गर तेलकट, गोड. आईला दुसरा चालत नसे.

आई फेब्रुवारीत गेली. तेव्हापासून डॅडी जेवणाच्या टेबलाशी बसले नव्हते. ताटली हातात घेऊन स्वयंपाकघरातच उभ्याने खायचे, ती विसळायचे आणि ओसरीवर जाऊन बसायचे. थँक्सगिव्हिंगच्या सणाचा विषय निघाला तेव्हा म्हणाले, "यंदा राहू दे, नोरी. दोन माणसांसाठी कशाला एवढा घाट?"

नोरीनला पुढचं दिसत होतं. यंदा राहिलं की पुढच्या वर्षीही राहील, आणि मग त्या घरात दोन माणसं दोन कोपऱ्यांत म्हातारी होतील. तिने मनाशी ठरवून टाकलं होतं, आईची ती पेकनची गोड पाई करायची. ती समोर आली की डॅडी खुर्ची ओढतील. दुकानातले पेकन आणि दुकानातला पाक घेऊन तिने एक करूनही पाहिली होती. डॅडींनी उभ्याउभ्या एक घास खाल्ला, "छान झालीय गं," म्हणाले आणि ताटली धुऊन ठेवली. आईच्या पाईला ते कधी छान म्हणत नसत. दुसऱ्या तुकड्यासाठी नुसती ताटली पुढे करत.

म्हणून हे झाड. शाळेतल्या नोकरीवरून सुटली की ती रोज क्लेटनकडे जाऊ लागली. आधी वेचायचं, मग त्याच्या ओसरीवर बसून फोडायचं. कवच फुटलं तरी काम संपत नाही. दोन फाकांच्या मध्ये तपकिरी साल अडकलेली असते, ती काडीने कोरून काढावी लागते. कणभर राहिली तरी अख्खा घास कडू होतो.

"तुमच्या भांड्यात जास्त दिसतायत," एके दिवशी ती म्हणाली.

"फोडतोय मी, म्हणून. तुम्ही खाताय."

"एखादा खाल्ला असेल."

"हो, मघापासून एखादाच चाललाय."

तिने डोळे वटारले आणि आणखी एक तोंडात टाकला. तो हसला, मग तिच्या हाताकडे बघत पटकन म्हणाला, "अगं, तिथे राहिली बघ साल..."

आणि थांबला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. नोरीनने मान वर केली नाही. साल सावकाश काढली, फुंकर मारली.

"तुझं लक्ष आपल्या भांड्यावर नसतं वाटतं कधी?" ती म्हणाली.

त्या दिवशी दोघांच्याही भांड्यात फारसं काही जमलं नाही. घरी जाताना ती कवचांनी काळी पडलेली आपली बोटं बघत राहिली. त्याचीही अशीच काळी होती. आपल्याला हे एवढं का आवडावं, असं तिने स्वतःला विचारलं आणि उत्तर माहीत असल्यामुळे विषय बदलला.

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या शनिवारी तिने पाई केली. मध्यभाग जेमतेम हलतोय तोवर ओव्हनमधून काढली, पूर्ण गार होऊ दिली, मगच सुरी लावली. आईची सगळी शिस्त पाळली. पहिला तुकडा क्लेटनकडे नेला.

त्याने एक घास खाल्ला. सावकाश चावला. काटा ताटलीत ठेवला.

"डॅडींसारखंच तोंड केलंस," ती म्हणाली. "आता छान झालीय म्हण आणि ताटली धुऊन टाक."

"छान झालीय," तो म्हणाला. "पण तीच नाहीये."

"तुला काय माहीत?"

"दर वर्षी सणाला मामाकडे यायचो मी. मिस ओडेल मामाचे अर्धे पेकनसुद्धा घरी न्यायच्या आणि पाई करून आणून द्यायच्या. लहानपणापासून खातोय." तो अडखळला. "तू पाक कुठला घातलास?"

"दुकानातला. आईची एक बरणी असायची... कसली ते मी कधी विचारलंच नाही."

विचारायचं राहिलेल्या अशा किती गोष्टी होत्या. दर वर्षी ती त्या ओट्याशी उभी असायची, गप्पा मारायची, बोटाने भांडं चाटायची, आणि विचारलं मात्र काहीच नव्हतं.

क्लेटन उठून आत गेला. बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याच्या हातात काचेची बरणी होती, आत काळसर सोनेरी काकवी.

"मामाची. घरच्या उसाची. पाईच्या बदल्यात तो तुझ्या आईला एक बरणी द्यायचा."

नोरीन बघतच राहिली. इतकी वर्षं ती जिला आईची पाई म्हणत आली होती, तिच्यातला निम्मा गोडवा या घरातून येत होता.

"आणखी आहेत ना?" तिने विचारलं.

"नाही. त्याने केलेली ही शेवटची. उघडायचा धीरच होत नव्हता मला." त्याने बरणी तिच्या हातात दिली. "अशी फळीवर ठेवून तरी काय करू? घेऊन जा."

"अर्धी," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज ठाम होता. "ठराव अर्धेलीचा आहे. अर्धी तुझी तुला ठेव. आणि गुरुवारी सणाला जेवायला ये."

"तुझे डॅडी...?"

"ते उभ्याने जेवतात. तूही उभा राहा त्यांच्या शेजारी."

गुरुवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि खरोखरच डॅडींच्या शेजारी, ओट्याला टेकून उभा राहिला. टर्की दोघांनी उभ्यानेच खाल्ली. हवामान, ऊस, पुन्हा हवामान. टेबलावर नोरीनने घातलेली पांढरी चादर तशीच कोरी होती. हे शेवटचं साधन, याच्यापुढे तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

तिने पाई कापली आणि डॅडींच्या हातात ताटली दिली.

डॅडींनी घास घेतला. त्यांचा जबडा चालता चालता थांबला. त्यांनी नोरीनकडे पाहिलं, मग शेजारच्या पोराकडे.

"एमेटची काकवी," ते म्हणाले.

"होय, सर. शेवटची बरणी."

डॅडी ताटली घेऊन वळले. मग टेबलापाशी गेले, आपली खुर्ची ओढली आणि बसले. समोरची खुर्ची त्यांनी पायानेच जरा पुढे सरकवली. ती आईची होती.

"बस, पोरा," ते म्हणाले. "ही काही उभ्याने खायची पाई नाही."

क्लेटन बसला. डॅडींनी न बोलता रिकामी ताटली नोरीनपुढे धरली, आणि दुसरा तुकडा कापताना तिला नीट दिसेना म्हणून तो वाकडातिकडा निघाला.

संध्याकाळी ती त्याला फाटकापर्यंत सोडायला गेली. थंडी पडायला लागली होती. आत टेबलावर ताटल्या विसळायच्या पडून होत्या, आणि कितीतरी महिन्यांनी त्या एकापेक्षा जास्त होत्या.

"पुढच्या वर्षी काकवी करून बघीन म्हणतो," क्लेटन टोपी हातात फिरवत म्हणाला. "मामाची कढई आहे. पण एकट्याचं काम नाही ते. एकाने जाळ सांभाळायचा, एकाने सारखी मळी काढायची... नाहीतर कडू होते."

"मला साल काढता येते," नोरीन म्हणाली. "मळीही जमेल. पण ठराव? अर्धेलीनेच ना?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. टोपी फिरवायची थांबली.

"अर्धेली दोन घरांत असते, नोरीन," तो हळूच म्हणाला. "मला... दोन घरं नकोत."

तिने त्याचा हात घेतला. त्याची बोटं अजून काळीच होती, तिचीही. तिने फाटक उघडलं नाही.

"मग आत चल," ती म्हणाली. "डॅडी अजून टेबलापाशीच असतील."