हैमाच्या माळावरचा घास

"रेखा, पहिला घास बाहेर ठेवायचा. मग आपलं पान वाढायचं. परगावी गेलीस तरी."

लग्नानंतर सासूबाईंनी मला हे सांगितलं. आज त्या नाहीत, पण माझा नेम कधी चुकला नाही. रोज घास ठेवायचा, हात जोडायचे आणि म्हणायचं, "जो भुकेला असेल त्यानं यावं."

इथे मस्कतला, दार्सैतमधल्या आमच्या गच्चीवर मांजरं येतात. कावळे येतात.

पण त्या दिवशी...

हे घडलेलं आहे. मला रचून लिहिता येत नाही. देवाची रोज पूजा करणारी बाई मी, खोटं कशाला सांगू? नाही पटलं तर सोडून द्या.

२०१४ चा नोव्हेंबर. ओमानच्या नॅशनल डेची सुट्टी. आम्ही कॅम्पर व्हॅन भाड्यानं घेऊन सलालाला निघालो. मी, माझे मिस्टर उल्हास, आमचा कुत्रा बंड्या आणि ठकी मांजर. आम्हाला मूलबाळ नाही. हीच दोन पोरं.

"चार जीव आणि एक संडास," हे हसत म्हणाले. "सांभाळा आता तुमचं सोवळं!"

"माझं मी बघते. तुम्ही रस्ता बघा."

हैमा गाव मागे पडलं. सूर्य बुडताना ह्यांनी गाडी रस्त्यावरून खाली घेतली. चहूकडे सपाट माळ. झाड नाही, टेकडी नाही, कुणाचा दिवा नाही.

वरण-भात झाला. कागदी ताटलीत घास घेऊन मी उतरले.

"अगं, इथे मुंगीसुद्धा नाही," हे आतून ओरडले. "आमंत्रण कोणाला देतेस?"

मी ताटली दगडावर ठेवली. हात जोडले. नेहमीचं वाक्य म्हटलं.

वारा एकदम पडला...

बंड्या भुंकला नाही. ड्रायव्हरच्या सीटखाली शिरला आणि तिथेच मुतला.

जेवून बाहेर आले तर ताटली रिकामी. आणि मधोमध दुमडलेली...

पंगतीत जेवण झालं की आपण पान दुमडतो ना? अगदी तशी.

"वाऱ्यानं झालं असेल," हे म्हणाले.

वारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी रमतगमत बरंच पुढे गेलो. संध्याकाळी माळावरच थांबलो. मी कुकर लावला...

दारावर टकटक झाली.

खालच्या बाजूला. रांगणारं मूल वाजवेल इतक्या खाली.

ह्यांनी खिडकीतून पाहिलं. कोणी नाही.

कुकरची शिट्टी झाली. पुन्हा टकटक. आता घाई होती.

ह्यांचा चेहरा उतरला. "खलास! आज घासबिस काही नाही. दार उघडायचं नाही."

"अहो, मीच बोलावलंय त्याला..."

"मग राहू दे उपाशी!"

मीही जेवले नाही. ठकीला पोटाशी घेऊन पडले. टकटक थांबली तेव्हा कधीतरी डोळा लागला.

जाग आली ती थंडीनं. उजाडत होतं. दार सताड उघडं. बाहेर दाट धुकं.

ठकी नव्हती.

पायरीवर कागदी ताटली होती. दुमडलेली. आम्ही ती ठेवली नव्हती.

मी उघडली. आत ठकीच्या गळ्यातला घुंगरू... ओला.

हे साखळी धरून बंड्याला घेऊन धुक्यात शिरले. बंड्या जाईना. पाय रोवत होता. ह्यांनी ओढत नेला.

"ठकीऽऽ... ठकीऽऽ..."

मग हाका थांबल्या.

बंड्या एकदाच केकाटला.

आणि मग... चघळण्याचा आवाज. सावकाश. मिटक्या मारत.

"अहो!"



"उल्हास!" आयुष्यात पहिल्यांदा मी ह्यांना नावानं हाक मारली.

मिटक्या जवळ येत होत्या.

मी ओढणी पसरली. "ह्यांना सोड. दर वर्षी ह्याच दिवसांत तुझा घास मी इथे आणून देईन."

मिटक्या थांबल्या.

धुक्यातून हे चालत आले. हातात साखळी. टोकाला बंड्याचा पट्टा. बकल लावलेलंच...

"पळाला," हे म्हणाले. आजही तेवढंच म्हणतात.

पुढच्या वर्षी सलालाला माहेरच्या ओळखीत लग्न आहे असं सांगून मी एकटीच त्या माळावर गेले. वरण-भात नेला, ठेवला, लांब बसून राहिले. भाताला कोणी शिवलं नाही.

घरी परतले तर हे सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेले.

"रेखा, कोणीतरी दार वाजवतंय. खालून."

ह्यांच्या पोटरीवर दातांचे ठसे होते. बारीक बारीक. कधी उमटले, ते ह्यांना सांगता येईना.

तेव्हा मला कळलं, त्याला कसली चव लागलीय ते.

त्यानंतर मी भात नेत नाही.

ते काय आहे, मला ठाऊक नाही. विचारायची हिंमत होत नाही. मी फक्त ठेवते, हात जोडते आणि मागे न बघता रस्त्याकडे चालू लागते. कानात बोटं घालून.

आता पुन्हा नोव्हेंबर आलाय. रुवीच्या गल्लीत सापडलेलं एक पिल्लू पिशवीत झोपलंय. आठवडाभर त्याला दूध पाजलं. फार लाघवी आहे. नाव ठेवलेलं नाही.

माझा जप झालाय. सलालाच्या बसची वेळ होत आली.

हे गाढ झोपलेत. पांघरूण सारखं केलं. पोटरी झाकली.

चपला हातात घेऊन जिना उतरते, म्हणजे पिल्लूही जागं व्हायचं नाही.