अर्ध्या पानाची तुळई

"विल्फ, दार पुन्हा अडकलं! सकाळी तर नीट लागत होतं!" टॅबिथा दाराला खांदा लावून ओरडली.

ईस्टरच्या सुट्टीत ही दोघं भावंडं इंग्लंडमधल्या सफोकला हेस्टरआजीकडे आली होती. लाकडी सांगाड्याची दोन जुनी घरं, मधे एकच भिंत. पाय मोडलेली आजी वरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. आणि शेजारी सकाळपासून करवतीची करकर!

खाली स्वयंपाकघराच्या छताला, आजीची खोली पेलणाऱ्या जाडजूड तुळईवर द्राक्षवेल कोरली होती. ती मधल्या भिंतीपाशी अर्ध्या पानावरच थांबत होती.

"अर्धं पान कोण कोरतं रे?" टॅबिथा म्हणाली.

दोघं शेजारच्या खिडकीशी धावली. आत उरलेलं अर्धं पान! आणि त्याच तुळईवर करवत चालली होती!

"अगं, आधी हे एकच घर होतं! भिंत नंतर घातलीय, तुळई एकच आहे! म्हणून तर दार अडकतंय!" विल्फ किंचाळला. "काका, थांबा! वर आजी आहे!"

"आजी तिकडे, तुळई इकडे," ठेकेदार क्रॅडॉक हसला. "भिंतीच्या अलीकडचं सगळं आमचं. पळा!"

शेजारच्या घरमालकाचा फोन लागेना. दोघांना मिळून आजी उचलेना. आजी तर उलट म्हणाली, "शेजाऱ्यांशी वाद? छे, बरं दिसत नाही. घरं जुनी आहेत, कुरकुरायचीच."

विल्फच्या केसांत चुना पडला. त्याला रडूच फुटलं. "कुणी ऐकतच नाही गं आपलं!"

टॅबिथाचेही डोळे भरले. काय करावं? काही सुचेना! मग तिनं किटली चढवली, कप मांडले आणि खिडकीतून जिवाच्या आकांतानं ओरडली, "चहा झालाऽऽ!"

करवत थांबली. लेकरांच्या विनवण्यांना न बधणारे गडी चहाला मात्र लगेच हजर! क्रॅडॉक आजीच्या स्वयंपाकघरात ऐसपैस बसला, बिस्किट बुडवलं, आणि कपात टपकन चुन्याचा खडा पडला. त्यानं वर पाहिलं. तीच वेल. तीच तुळई. आणि तिला गेलेली लांबच लांब भेग!

"आजी... कुठे आहेत?"

"तुमच्या डोक्यावर!"

मग काय धावपळ! गड्यांनी तुळईखाली टेकू ठोकले, आजीला खुर्चीत बसवून खाली आणलं, थेट रस्त्यापलीकडे.

"पोरांनो, तुम्ही नसता तर..." क्रॅडॉकनं कपाळावरचा घाम पुसला.

"घर राहील ना?" विल्फनं विचारलं.

"सांगता येत नाही, बाळा."

घर पुन्हा कुरकुरलं. आता कुणालाच काही करता येत नव्हतं, नुसतं बघत राहायचं.

"शहाणी गं माझी पोरं," आजी हळूच म्हणाली. तिनं दोघांचे हात इतके घट्ट धरले की दुखायला लागले. कुणीच ते सोडवले नाहीत.