टपरीवरून गेलेली हद्द

बजाजनगरातल्या मालनबाईंच्या चहाच्या टपरीवरून एक रेघ जात होती, आणि ती फक्त करुणाला दिसत होती. तिच्या हातातल्या टॅबवर. शहराच्या वाहतूक आराखड्यासाठी कुणीतरी कचेरीत बसून शहराचे विभाग पाडले होते. कुठल्या विभागातून कुठं किती माणसं जातात, त्यावर बसगाड्या ठरायच्या. चुकलेल्या हद्दी जागेवर जाऊन दुरुस्त करायच्या, हे करुणाचं काम.

"मंग मी बसलोय ते बाकडं कोणत्या विभागात, मॅडम?" कारखान्यातली पहिली पाळी संपवून आलेल्या बिरूनं विचारलं.

"अर्धं इकडं, अर्धं तिकडं."

"मंग तिकडल्या अर्ध्यात तुमी बसा की... चहा सांगतो."

ती बसली. कधी नव्हे ते साखरेचा चहाही प्यायली. कोण रोज कुठं, किती वाजता, कशासाठी जातं ते लिहायचे फॉर्म तिनं टपरीमागच्या घरांसाठी आणले होते; तिथंच राहणाऱ्या बिरूनं त्यातला एक मागून घेतला आणि म्हणाला, नीट आठवून भरतो.

पुढच्याच आठवड्यात तो शहागंजच्या बसथांब्यावर दिसला, बरोबर सहा दहाला, तिची कचेरी सुटताना. आईला बांगड्या घ्यायच्या होत्या म्हणे. दुसऱ्या दिवशी कुलूप, तिसऱ्या दिवशी चाळणी... बिरूच्या आईचा संसार महिनाभरात नव्यानं उभा राहिला असता! करुणाला सगळं कळत होतं आणि आवडतही होतं. पण तो धनगराचा, आपण बौद्ध; घरी विषय कसा काढायचा, हे ती रोज उद्यावर ढकलायची.

एका संध्याकाळी त्यानं हळूच विचारलं, "माझा भरून दिलेला फॉर्म... बघितला का?"

"नावं नसतात त्यावर," ती हसत म्हणाली. "नुसते आकडे."

"आन् कुणी चुकीचं लिव्हलं तर?"

"दुरुस्त करून टाकते. आजच चाळीस केले."

 मग तो म्हणाला, चाकणला नोकरी लागतेय, जाऊ का? त्याला काय ऐकायचं होतं, तिला ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, "चांगली असेल तर जावं."

"व्हय... बरं."

दुसऱ्या दिवसापासून थांब्यावर कुणी आलं नाही.

दोन महिन्यांनी त्या हद्दीचा नंबर लागला. करुणानं रेघ टपरीवरून उचलून घरांमागच्या नाल्यावर नेली, तशी मागची अकरा घरं शेजारच्या विभागात गेली आणि त्यांचे फॉर्म पुन्हा तपासायला समोर आले. सातव्या घरातला एकजण रोज संध्याकाळी सहा दहाला शहागंजच्या थांब्यावर पोचत होता. कशासाठी? मूळ उत्तर होतं, 'घरी.' घर बजाजनगरात असताना शहागंजला घरी कसं जाईल, म्हणून संगणकानं ती ओळ लाल केली होती. आणि डबा खाता खाता कुणीतरी तिथं 'इतर' लिहून टाकलं होतं. खाली सही करुणाची.

ती तशीच उठून टपरीवर गेली. मालनबाईंनी चहा गाळता गाळता सांगितलं, बिरूची सुपारी फुटली गेल्या रविवारी. "पोरगी गुणाची हाय. लई दिस थांबला व्हता गं तो, कुणापायी ते बोलला नाय."

करुणाला फार रडू आलं. बाकड्याच्या तिकडच्या अर्ध्यात बसून तिनं तो चहा संपवला.

कचेरीत परतून तिनं 'इतर' खोडलं आणि 'घरी' लिहिलं. ओळ पुन्हा लाल झाली. संगणकानं कारण विचारलं.

तिनं लिहिलं : उत्तर बरोबर आहे. तपासणाऱ्याची चूक.