अकरा वेळा ढळलेली नजर

अलेक्झांड्रियाच्या समुद्रकाठी वाएलनं मला धक्का दिला आणि माझ्या हातातली तिर्मिसच्या खाऱ्या दाण्यांची पुडी रस्त्यावर सांडली. आठवड्यात तिसऱ्यांदा!

"डोळे आहेत की बटणं?" मी कडाडले.

"डोळेच आहेत... पण तू शेजारून आलीस. समोरून ये, पापणीसुद्धा हलवणार नाही."

आणि खरंच, समोर बसला की तो एकटक माझ्याकडेच बघायचा. बाजूनं कितीही देखण्या मुली जावोत, ह्याला पत्ताच नाही! मी वेडी, हुरळून गेले.

पण डोळ्यांच्या दवाखान्यात नजर कडेला किती पोचते ते मोजायचं मशीन मीच चालवते. चौथ्या धक्क्याला शंका आली, तेव्हा त्याला मशीनपुढे बसवलं.

"मधल्या दिव्यावरून नजर हलवायची नाही. कडेला ठिपका चमकला की बटण दाब."

मला त्याचा डोळा स्क्रीनवर दिसत होता. चार मिनिटं एकदाही ढळला नाही. बटण मात्र फारसं वाजलं नाही... दोन्ही कडा काळ्या.

मेंदूच्या तळाशी गाठ होती, डोळ्यांच्या नसा दाबणारी. डॉक्टर म्हणाले, "कवटी उघडायची नाही. नाकातून बारीक दुर्बीण घालून काढू."

वाएल हसला. "इनास, बरा झालो की पहिल्याच शुक्रवारी आईला घेऊन तुझ्या घरी येतो. फातिहा वाचून लग्न पक्कं करू."

"आधी नीट दिसू दे... मग ठरव," मी चिडवलं. जीभ झडली असती तर बरं!

गाठ निघाली. सहा शुक्रवार गेले. दर शुक्रवारी त्याच्या आईचे गुडघे दुखत होते.

तपासणीला तो आला, सोबत त्याच्या वॉर्डातली नर्स रिहाम. ती पडद्याबाहेर फोनवर हसत बसली. ह्या वेळी प्रत्येक ठिपक्याला बटण वाजलं. पण ती हसली की त्याचं बुबुळ पडद्याकडे सरकायचं. नजर अकरा वेळा ढळल्याची नोंद मशीननं केली.

"काय मॅडम, पास ना?"

"सगळं दिसतंय तुला. ह्या शुक्रवारी येताय?"

त्यानं पडद्याकडे पाहिलं. "इनास... मी सांगणारच होतो."

गरज सरो, वैद्य मरो. मी तर वैद्यही नव्हते. त्याचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा. मी रिपोर्ट त्याच्या हातात दिला आणि अरुंद दारात कडेला उभी राहिले.

मला जराही धक्का न लावता तो बाहेर गेला.