घरची हाक

मुकुंदवाडी स्टेशनच्या बाकावर तो एकटाच बसून म्हणत होता, "ओ... ई... ओ..."

मी धनगराची पोर, पाचोडची, इथं शहरात कामाला. असं काही ऐकलं की राहवत नाही.

"किती मेंढरं हरवली?"

तो दचकला. "नाही हो... शब्द आहेत. युरोपातले."

हा विश्वजीत. छावणीतल्या वाचनालयात कामाला. तिकडच्या भाषांतले एका-दोन अक्षरांचे, कुणाच्या खिजगणतीत नसलेले शब्द वहीत जमवायचा त्याला नाद.

"स्वीडनमध्ये 'ओ' म्हणजे छोटी नदी," तो सांगू लागला. "लॅटिनमधल्या पाण्याच्या शब्दाचं भावंड. त्याच मुळातून बेटाचा शब्द निघाला, पाण्यातली जागा म्हणून. तो म्हणायला ओठांचा 'ओ' करायचा अन् आतून 'ए' म्हणायचं."

मी ओठ गोल केले. म्हटलं.

तो बघतच राहिला. "अं... परत म्हणा बरं."

लबाड!

मग रोज सकाळी तीच गाडी. मोजायची मला घरचीच सवय. बाकावर आमच्यात आधी हातभर अंतर होतं, मग वीतभर, मग फक्त त्याची वही मावेल एवढं.

"लॅटिनमध्ये नुसतं 'ई' म्हणजे 'जा'," तो एकदा म्हणाला. "संस्कृतातही 'इ' म्हणजे जाणं. एकाच घराण्यातले!"

"एवढ्याशानं कोण जातंय?"

"तुमची मेंढरं कशानं येतात, दिपाली?"

"आमच्या घरच्या हाकेनं. परक्याला शिकवत नाय ती."

त्यानं वही मिटली. "आणि... परकं राहायचं नसेल तर?"

"तर माझ्या आप्पांना विचारायचं," मी म्हटलं, आणि न आलेल्या गाडीकडं बघत बसले.

त्याच आठवड्यात आप्पांचा फोन आला. रविवारी बीडकडची माणसं मला बघायला येणार होती. मी विश्वजीतला सांगितलं, "शनिवारी पाचोडला या. मी मधी बोलणार नाय."

आला. इस्त्रीचा शर्ट, काखेत वही. आप्पा बांधावर बसले होते.

"काय काम काढलं?"

"मी... ते... शब्द जमवतो."

"केवढाले?"

"एका अक्षराचे."

"मग एवढा वेळ का लागतोय?"

मी पदर तोंडावर धरला. विश्वजीतनं वही खाली ठेवली. "मला दिपालीशी लग्न करायचंय, आप्पा."

आप्पांनी त्याचं गाव-घराणं विचारून घेतलं. "तुम्ही जमीनदार माणसं. आम्ही मेंढरांमागं फिरणारी. घरी चालंल?"

"आईला सांगूनच आलोय. दोन दिवस बोलली नाही. आज डबा मात्र दिला."

तेवढ्यात मेंढरं शेजारच्या कपाशीत शिरली. विश्वजीत धावला आणि जिवाच्या आकांतानं ओरडला, "ई! ई!"

मेंढरांनी माना वर केल्या. बघितलं. परत कपाशी.

आप्पा हसले... डोळ्यांत पाणी येईस्तोवर. मग उठले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "असं नव्हं. जीभ टाळूला लाव. आता फुंक मार."

विश्वजीतचा हात वहीकडं गेला.

"लिहायचं नाय," आप्पा म्हणाले. "घरातलं हाय. ध्यानात ठेवायचं."

चौथ्या हाकेला मेंढरं वळली. मी मोजायला लागले... चुकले. परत मोजली, निराळाच आकडा आला.

"राहू दे," आप्पा म्हणाले, आणि बीडकडच्यांना फोन लावायला बाजूला गेले. "आली सगळी."