हिवाळ्यापुरता पाहुणा

भर उन्हाळ्यात, बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ पडलेलं असताना, एक चांगली शिकलीसवरलेली मुलगी कपड्यांच्या दुकानात आरशासमोर लोकरीचा जाडजूड कोट घालून उभी होती. वर कानटोपी. घामाच्या धारा लागलेल्या, तरी बया डोळे मिटून शांत! विक्रेती दोनदा येऊन बघून गेली.

"कुठे निघालात?" शेजारून आवाज आला.

तिने डोळे उघडले. एक उंच, किडकिडीत तरुण. हातांत गुबगुबीत हातमोजे आणि त्यांत कशीबशी धरलेली पेन्सिल.

"कुठेच नाही," ती म्हणाली. "तुम्ही?"

"मीही नाही. हातमोजे घालून रेघ सरळ येते का, ते बघतोय."

"येते?"

"छे! नदी काढायला गेलो, गांडूळ झालं."

ती इतकी हसली की कानटोपी डोळ्यांवर आली. दोघांनीही काही विकत घेतलं नाही, आणि विक्रेतीने दोघांना डोळ्यांनीच दारापर्यंत पोचवलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन पाहते तर काय, एका नकाशापुरता नेमलेला नवा नकाशेवाला म्हणून स्वारी हजर!

ते ऑफिस खेळ बनवायचं. टेबलाभोवती बसून खेळायचे खेळ. प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं, त्याच्या तोंडून बोलायचं, फासे टाकायचे आणि कल्पनेतल्या जगात भटकून यायचं. त्या जगाच्या उत्तर टोकाला बर्फाचा मुलूख होता, आणि तिथली माणसं घडवायचं काम तिच्याकडे होतं. ती काय पांघरतात, कशाला भितात, पाहुण्याला कसं वागवतात, सगळं तिने ठरवायचं. आता फ्रिजमधला सोडला तर बर्फ तिने जन्मात पाहिलेला नव्हता, पण म्हणून काय झालं?

तिचं लिखाण वाचून नकाशेवाल्याने पहिल्याच आठवड्यात तोंड वाकडं केलं.

"सगळीच कशी हो मुकी आणि खडूस? मुलूख थंड म्हणून माणसंही थंडच?"

"असतातच."

"मला नाही वाटत. बाहेर गेलं की मरण. मग घरात जे आहेत त्यांच्याशी जमवून घेणं आलं. पाय आपटत निघून जायची सोयच नाही. बिचाऱ्यांना भांडणंसुद्धा जपून करावी लागत असतील."

तिला राग आला. त्याचं बरोबर होतं ना, म्हणून जास्तच आला.

मग दोघांनी मिळून त्या लोकांना रुसायचा कोपरा दिला. रुसलेल्याने भिंतीकडे तोंड करून तिथे बसायचं. कोणी काही विचारायचं नाही, फक्त मागे गरम पेला ठेवून जायचं. पेला उचलला की रुसवा संपला. साहेबांना ही रीत भलतीच आवडली. आपल्या घरी लागू करता येईल का, असंही त्यांनी विचारलं.

तिथून दोघांचं कामाचं तंत्रच ठरून गेलं. कुठलीही रीत लिहिण्याआधी जगून बघायची. मीटिंगच्या खोलीतला एसी जाईल तितका खाली न्यायचा, दार लावायचं. ती टोळीची म्हातारी आजी, तो वाट चुकलेला वाटसरू. बाकीचे काचेतून बघून एकमेकांना कोपरखळ्या मारत. मारेनात का!

"आजी, दार उघडा. दाढीला बर्फ लागलाय."

"तुला दाढी कुठंय मेल्या?"

"उगवेपर्यंत थांबणार होतो, पण गारठा फार हो..."

पहिल्या महिन्यातच दोघांमधलं अहो-जाहो गळून पडलं. तिची बोटं गारठली की तो न बोलता कॉफीचा मग तिच्याकडे सरकवायचा. सरकवताना हात जरासा रेंगाळायचा... आणि आजीची पुढची दोन वाक्यं हटकून चुकायची.

पाहुण्याची रीत मात्र तिने एकटीनेच लिहिली. आलेल्याला हिवाळाभर घरात घ्यायचं, आपल्या घासातला घास द्यायचा. बर्फ वितळला की त्याने निघायचं. कोणी अडवायचं नाही, कोणी रडायचं नाही.

घरी तिच्या ताईने ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"हे बर्फातल्या लोकांचं नाही गं, तुझं आहे. माणूस आला रे आला की तू त्याच्या जाण्याची तयारी करून ठेवतेस. म्हणजे गेला तरी लागायला नको."

"काहीतरीच काय ताई!" ती म्हणाली. पण ते बोलणं तिला लागलं होतं.

नकाशा संपत आला, तेव्हा दोघं ती रीत जगून बघायला बसली.

"आजी, बर्फ वितळला," वाटसरू म्हणाला.

"हं."

"मी... राहिलो तर? म्हणजे... कायमचा?" त्याचा आवाज जरासा हलला.

ती भूमिकेत पुरती मुरलेली. "आमच्यात तशी रीत नाही, बाळा. वाट मोकळी आहे. नीघ तू."

"बरं," तो म्हणाला. "विचारून पाहिलं."

"काय सुंदर केलंस रे आज!" तिने टाळी वाजवली. "आवाज काय हलवलास!"

तो हसला, एसी बंद केला आणि बाहेर गेला.

दोन दिवसांनी साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "नकाशेवाल्याला आपण इथेच कायम करणार होतो. नको म्हणाला. दुसऱ्या शहरात काम घेतोय. इथे थांबायला काही कारण उरलं नाही म्हणे. तुला काही बोलला?"

नाही, असं म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि तिला तो हललेला आवाज आठवला. अगं बाई! ती तशीच केबिनबाहेर धावली.

तो टेबल आवरत होता. तिला पाहून मान न उचलता म्हणाला, "आजी, निघतो हं."

आजी होऊन रीत बदलणं किती सोपं होतं! थांब रे बाळा, एवढंच तर म्हणायचं. पण आजीनेच तर घोळ घातला होता.

"आजीला मध्ये आणू नकोस," ती म्हणाली. "त्या दिवशी तू... मला विचारत होतास?"

"उत्तर मिळालं ना."

"तिचं मिळालं. माझं नाही. मला कळलंच नाही रे! टाळ्या वाजवत बसले, बावळट कुठली... तू मला आवडतोस. खूप. आणि मला भीती वाटते, म्हणून मी आधीच वाट मोकळी करून ठेवते. ती रीत माझी आहे आणि वाईट आहे."

ऑफिसातल्या कीबोर्डांची खडखड थांबली होती.

"होकार मी सकाळीच कळवला," तो हळूच म्हणाला. "वर्षभराचं काम आहे. शब्द दिलाय."

तिचे डोळे भरून आले. कोणी रडायचं नाही, असं लिहिणारी हीच!

"मग जा," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उतरला.

"जा... आणि परत ये. मी वाट बघेन. आजवर कधी कुणाची बघितली नाही. नीट जमणारही नाही. मध्येच चिडेन, फोनवर भांडेन. पण बघेन."

"नक्की तूच बोलतेयस ना?"

"मीच!"

त्याने हात पुढे केला. तिने तो सगळ्या ऑफिसादेखत धरला, आणि साहेब दोनदा खोकले तरी सोडला नाही.